कडी सैल होती
पानाकाकांचा जन्म विमानं दुरुस्त करण्यात गेला. मागे एका विमानाचं दार हवेतच निखळलं, माणसं जखमी झाली आणि खटला उभा राहिला. उद्या काकांची साक्ष होती, म्हणून कंपनीचा वकील घरी येऊन तालीम घेत होता.

“दाराची कडी सैल आहे, असं तुम्ही साहेबांना आधीच सांगितलं होतं?”

“आठवत नाही.”

“वा काका! नाटकातच जायचं होतं तुम्ही.”

तेवढ्यात हवाईसुंदरी लेक गणवेश घालून बाहेर आली. “बाबा, येते हं. आज तेच विमान आहे, दुरुस्त होऊन आलेलं.”

ती गेली. काका ताडकन उठले.

“वकीलसाहेब, कडी बदलली ना हो?”

वकील चष्मा पुसू लागला. “आठवत नाही.”

जिन्यात लेकीच्या टाचांचा आवाज खाली खाली जात होता. काका अनवाणीच धावले.