मोळ्या बांधणारी

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या. त्या हिशेबानं पाटोद्याकडच्या गहिनीनाथचा कोयता मागच्या हंगामातच मोडला. बायनाबाई अंगात ताप घेऊन फडात राबत होती. "गाडी भरली की दवाखान्यात जाऊ," असं तो म्हणाला, आणि गाडी भरायच्या आत ती कोसळली.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नातेवाईक एकेक कबुली देत होते. पोरीचं लग्न लावून देऊ, म्हातारीला सांभाळू. कावळा आपला लिंबावर बसून. शेवटी गहिनीनाथ पुढं झाला नि बोलून बसला, "बायने, तुझ्याबिगर मी फडात कोयता चालवनार न्हाई." कावळा झेपावला. मेलेल्या माणसाला काय कबूल करावं याचंही भान लागतं; पण दुःखात ते कुणाला राहतं?

हंगाम आला तसं मुकादम रामप्रसादनं त्याला त्याच्याच विधवा भावजयीशी, केशरबाईशी जोडून दिलं. पोट कुणाला चुकलंय? पहिल्याच सकाळी गहिनीनाथनं एक सरी तोडली, मागं वळून पाहिलं, तर मोळ्या बांधून तयार. केशरबाई अजून बांधावरच पदर खोचत उभी.

"भाऊजी, मी अजून हात लावला न्हाई," ती पांढरीफटक होऊन म्हणाली.

गाठीचं शेपूट आत खोचलेलं होतं. तसं साऱ्या टोळीत एकटी बायनाबाई खोचायची. गहिनीनाथला भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला सांगा, त्याला आनंद झाला.

मग तो झपाटल्यासारखा तोडत सुटला. भाकरीलाही थांबेना. त्यानं ऊस आडवा केला की मागं वाऱ्याविना पाचट सळसळायचं आणि मोळी तयार व्हायची. बाकीच्या बाया त्या सरीकडे फिरकेनाशा झाल्या. कुणीतरी रामप्रसादच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "कुनी का बांधंना बे, गाडी भरतीय ना?" मुकादमाला कामाचं असलं तर भूतही चालतं.

एके दुपारी गहिनीनाथनं मोळी उचलली आणि हाताला ओलं लागलं. गाठीवर ताजं रक्त होतं. त्यानं केशरबाईचे हात बघितले. ते कोरडे होते. बायनाबाईचे तळवे थंडीत भेगाळायचे, पाचटानं चिरायचे, आणि ती ते पदराला पुसून पुढची मोळी ओढायची. त्याच्या ध्यानात आलं: मरूनही ही राबतेय, आणि राबवतोय आपणच.

"थांबलात कावून?" केशरबाईनं विचारलं.

"वैनी, मी तोडंन तवर ती बांधतच राहनार."

आपण थांबलो की ती जाईल, आणि मग कधीच यायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यानं कोयता सरीत टाकला आणि पाचटावर बसकण मारली.

"बायने, ये. बस जरा. लई झालं."

सळसळ थांबली. त्याच्या शेजारचं पाचट हळूच दबलं. साऱ्या टोळीसमोर तो धाय मोकलून रडला. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं फडात शेजारी बसली, ती तेव्हा पहिल्यांदा.