डोकी मोजणारे भाऊजी

फुटबॉलच्या सामन्याला जाणाऱ्या माणसाला निदान गोल तरी दिसावा, अशी जगाची भाबडी समजूत आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गेली चौदा वर्षं ऊन-पाऊस न बघता सामन्यांना जातात आणि त्यांनी आजवर चार किंवा पाच गोल पाहिले असतील, तेही मान अवघडून चुकून तिकडे वळली म्हणून. बाकी सगळा वेळ ते मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि प्रेक्षक मोजतात. सामना कोण जिंकलं हे त्यांना विचारलंत तर ते तुमच्याकडे, सत्यनारायणाला जाऊन प्रसादात काजू किती होते असं विचारणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. खरा प्रश्न त्यांच्या मते एकच. किती आले होते?

हा प्रश्न ते फुटबॉलपुरता ठेवत असते तरी ताईचा संसार सुखाचा झाला असता. पण पुण्याला आमचे मोठे काका गेले, तेव्हा मी जपानमधल्या कावासाकीहून रडवेल्या आवाजात फोन केला, तर भाऊजी "फार वाईट झालं रे" म्हणाले आणि मग राहवेना म्हणून विचारलंच, "स्मशानात किती होते?" लग्नाच्या अल्बममध्ये ते नवरीकडे बघत नाहीत, मागच्या रांगा मोजतात. तोक्योतल्या कोतोमधल्या गणपतीला मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी माइकवरून "पाचशे भाविकांनी लाभ घेतला" असं जाहीर केलं, तेव्हा भाऊजी प्रसादाच्या रांगेतून ओरडले, "तीनशे बारा! आणि त्यातले अकरा जण दोनदा आलेत!" त्या अकरांत सेक्रेटरींचे सासरे होते. तेव्हापासून भाऊजी आणि सेक्रेटरी यांच्यात फक्त सणावारी बोलणं आहे.

या व्याधीची सुरुवात आयर्लंडमध्ये झाली. जपानला येण्यापूर्वी भाऊजी आठ वर्षं डब्लिनच्या एका कंपनीत होते. गेल्या गेल्या ऑफिसात कुणीतरी विचारलं, "तू कुठल्या टीमचा?" भाऊजींनी घराजवळच्या मैदानावर खेळणाऱ्या क्लबचं नाव सांगितलं, तर सगळे पोट धरून हसले. तिथे म्हणे या प्रश्नाला इंग्लंडमधल्या टीमचं नाव सांगायचं असतं. इंग्रजांना आम्ही हाकललं हे अभिमानाने सांगणारी माणसं शनिवारी विमानात बसून इंग्रजांच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडून यायची, आणि स्वतःच्या गल्लीतलं मैदान शुक्रवारी संध्याकाळी ओस पडलेलं असायचं. छत गळतंय, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, दिवसा शाळेत शिकवणारा मास्तर संध्याकाळी गोलकीपर म्हणून उभा, आणि पाहायला दोनशे माणसं. "आमच्या लीगला दर्जाच नाही," असं तिथला प्रत्येक जण सांगायचा. "मागची मॅच कधी पाहिलीत?" असं भाऊजी विचारायचे. उत्तर यायचं, "लहानपणी, बाबांबरोबर." भाऊजींचं यावर एक ठरलेलं वाक्य आहे. "न चाखता आळणी म्हणणारी जमात जगात सगळीकडे आहे. फक्त तिथे ती जर्सी घालून फिरते."

हे वाक्य ते माझ्याकडे रोखून बघत म्हणतात. कारण मीही एका इंग्लिश क्लबचा कट्टर भक्त आहे. तो क्लब हरला की मी सोमवारी ऑफिसात कुणाशी धड बोलत नाही. त्या क्लबचं गाव इंग्लंडच्या नकाशावर कुठे आहे हे मला नक्की सांगता येणार नाही, पण भक्तीला भूगोल लागत नाही.

भाऊजींचा डब्लिनचा क्लब पुढे बुडाला. कसा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तो विषय निघाला की ते चहा करायला उठतात. मात्र तिथल्या लीगचे आकडे ते अजूनही दर शनिवारी सकाळी, दात घासायच्या आधी बघतात. हल्ली तिथे गर्दी वाढतेय, काही मैदानांची तिकिटं आधीच संपतात अशा बातम्या येतात. त्या वाचून भाऊजी आनंदाने दोन पोळ्या जास्त खातात आणि मग दिवसभर उगाच उदास असतात.

तोक्योजवळ इचिकावाला राहायला आल्यावर त्यांनी पहिल्या महिन्यात कचऱ्याचं वेळापत्रक पाठ केलं आणि दुसऱ्या महिन्यात टीम शोधली. तीन स्टेशनं पलीकडच्या एका गावाची ही टीम, खालून मोजलं तर लवकर सापडेल अशा लीगमध्ये खेळणारी. गावाचं नाव सांगत नाही, कारण आपल्या गावाला टीम आहे हे तिथल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. पहिल्याच सामन्याला हा चष्मेवाला परदेशी गृहस्थ खेळाकडे पाठ करून, वहीत काहीतरी टिपत उभा राहिलेला पाहून क्लबच्या लोकांनी तो लीगचा तपासनीस आहे असा अंदाज बांधला. विचारणं हे असभ्य, त्यामुळे कुणी विचारलं नाही. वर्षभर त्यांना दर सामन्याला खुर्ची आणि गरम हिरवा चहा मिळत होता. गोलकीपर सामन्याआधी त्यांच्याकडे बघून वाकून नमस्कार करायचा. भाऊजींना वाटलं, या देशात पाहुण्यांची काय ही कदर!

खरं काय ते उघडकीला आणलं गेटवरच्या मोरी-सानांनी. पांढरे हातमोजे घातलेले हे सत्तरीचे गृहस्थ हातातल्या यंत्राचं बटण दाबत येणारा प्रत्येक माणूस मोजतात आणि उत्तरार्धाची पंधरा मिनिटं झाली की स्वतःच माइकवरून आकडा सांगतात, "आजचे प्रेक्षक एकशे चौऱ्याहत्तर. मनापासून आभार." एके दिवशी भाऊजी तरातरा त्यांच्याकडे गेले आणि आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, "एकशे त्र्याहत्तर." कुठला तपासनीस एका माणसासाठी भांडेल? मोरी-सान समजले. दोघांनी मिळून पुन्हा मोजलं. त्या दिवसापासून खुर्ची गेली, चहा गेला, पण दोन माणसांची अशी गट्टी जमली की बोलायला भाषा अपुरी असूनही त्यांचं काही अडलं नाही.

मोजायला भाऊजींकडे आधी वहीच होती. मग त्यांच्या आई, माई, पुण्याहून आल्या. माईंच्या बोटात नामजपाचं बटणवालं यंत्र. भाऊजींची नजर त्याच्यावर पडली आणि रविवारी ते यंत्र माईंच्या देवघरातून मैदानावर गेलं. मोजणी शून्यापासून हवी म्हणून त्यांनी आधीचा आकडा पुसला. तो माईंचा अकरा हजारांपुढचा जप होता. ताईने कपाळाला हात लावला. सातवीतली भाची "पापा, हाझुकाशी!" म्हणजे लाज आणलीत, असं म्हणून खोलीत निघून गेली. माई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आज किती मोजलीस माणसं?" भाऊजी खाल मानेने म्हणाले, "एकशे नव्वद." "प्रत्येकात राम असतो ना? मग तेवढा माझा जप झाला. आता पुढच्या रविवारी मलाही घेऊन चल, उरलेला तिथे बसून करते." माई सहा सामन्यांना गेल्या. मोरी-सान त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि मग बटण दाबायचे.

गेल्या शरद ऋतूत क्लबला नगरपालिकेचं पत्र आलं. मैदानावर येणाऱ्यांची संख्या पाहता ते पुढच्या वर्षीपासून बेसबॉलला द्यावं असा विचार आहे. तथापि हंगामातल्या शेवटच्या सामन्याला पाचशे नागरिक उपस्थित राहिल्यास फेरविचार करण्यात येईल. भाऊजींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "पाचशे म्हणजे पाचशे रे. चारशे नव्याण्णव नाही." त्यांचा आवाज ऐकून मला चेष्टा सुचली नाही.

पुढचा महिना भाऊजी ऑफिस सुटलं की स्टेशनबाहेर उभं राहून पत्रकं वाटायचे. वाकून वाकून त्यांची कंबर धरली. मोरी-सानांनी म्हाताऱ्यांचा क्लब, शाळेतले पालक, आपला न्हावी, सगळ्यांना गाठलं. शेवटी भाऊजींनी अभिमान गिळून मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. आपल्या माणसांना फुटबॉलने हलवता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ठरलं, मिसळ ठेवायची. ग्रुपवर निरोप गेला आणि एकशे चाळीस जणांनी "नक्की" म्हणून अंगठा दाखवला. अंगठा दाखवणे याचा मराठीतला जुना अर्थ भाऊजींना मी आठवणीने सांगितला.

तरी साठेक जण आले. सामना दुपारी एकचा. ऊन छान पडलं होतं, आणि गेटबाहेर वाहनतळात ताईने मिसळीचं पातेलं मांडलं होतं. मंडळी त्याभोवती जमली आणि तिथेच रमली. कुणी व्हिसाचं बोलतंय, कुणी शाळेच्या प्रवेशाचं. आत शिट्टी वाजली. मी म्हटलं, "चला, आत जाऊ या." एक गृहस्थ पाव मोडत म्हणाले, "आत काय आहे?" "फुटबॉल." "अच्छा. मग आम्ही इथेच बरे. तर्री आहे का अजून?"

मध्यंतराला मोरी-सानांचं यंत्र चारशे बत्तीसवर थांबलं होतं. एवढी माणसं त्या मैदानाने जन्मात पाहिली नव्हती. भाऊजी गेटपाशी घामाघूम उभे होते आणि पातेल्याभोवतीची डोकी नुसती बघत होते. तेव्हा माझ्या ताईने, जिने चौदा वर्षं या वेडाच्या नावाने बोटं मोडली होती, पदर खोचावा तशी ओढणी खोचली, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि गेटच्या दिशेने चालू लागली. मंडळी वाट्या हातात घेऊन मागे. मोरी-सान आडवे आले. आत काय न्यायचं नाही याची पाटी त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. काचेच्या बाटल्या, फटाके, छत्र्या, पाळीव प्राणी. पुन्हा एकदा वाचली. मग गंभीरपणे म्हणाले, "पातेलं यादीत नाही," आणि बाजूला झाले. बटण टिकटिक वाजत राहिलं. शेवटचा माणूस आत आला तेव्हा आकडा होता चारशे एक्क्याण्णव.

वाहनतळात आता कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी स्टेशनच्या कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन आलो, तिथेही कुणी नव्हतं. आकडा जाहीर व्हायला दहा मिनिटं राहिली होती.

सेक्रेटरी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, नऊच तर कमी आहेत. आमची नऊ पोरं मागच्या दाराने बाहेर काढतो, टोप्या बदलून पुन्हा आत येतील. या मोरी-सानांना आपण सगळे सारखेच दिसतो." चांगुलपणानेच म्हणाले ते. ताई भाऊजींकडे बघत म्हणाली, "अहो, ऐका ना त्यांचं. मैदान जाईल." मलाही वाटलं, ऐकावं. नऊ माणसांनी कुणाचं काय बिघडणार होतं?

भाऊजींनी मोरी-सानांच्या हातातल्या यंत्राकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "नको. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही माणसं आणलीत, उपकार आहेत तुमचे. पण आलेत तेवढेच आलेत." मोरी-सानांना मराठीतलं अक्षर कळलं नसेल, पण पोरांनी तोवर सुरूही केलेली टोप्यांची अदलाबदल त्यांनी पाहिली होती. ते भाऊजींपुढे इतके वाकले की मला वाटलं आता सरळ होणार नाहीत. मग आत जाऊन त्यांनी माइक हातात घेतला. "आजचे प्रेक्षक चारशे एक्क्याण्णव. मनापासून आभार." 'आभार' म्हणताना आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीम जिंकली, असं आम्हाला नंतर कळलं.

सगळे गेल्यावर मैदानाच्या नळावर भाऊजी आणि मी पातेलं घासत बसलो. पलीकडे मोरी-सान आणि ताई मिसळीच्या कागदी वाट्या 'जाळायचा कचरा' लिहिलेल्या पिशवीत घालत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "भाऊजी, नऊ माणसं हो. फक्त नऊ."

ते घासत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "तुला डब्लिनचं कधी सांगितलं नाही मी. क्लबचा शेवटचा सामना होता. मला माहीत होतं शेवटचा आहे. ऑफिसातली मंडळी म्हणाली, पाऊस आहे, पबात चल, टीव्हीवर इंग्लंडची मॅच बघू. गेलो. सगळ्यांबरोबर ओरडलो सुद्धा. म्हटलं, क्लब काही असा लगेच बंद होत नाही, पुढच्या शुक्रवारी जाऊ. पुढचा शुक्रवारच नव्हता. सकाळी पेपरात आकडा आला. दोनशे सहा."

या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा केली होती. धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "तुम्ही गेला असतात तरी क्लब थोडाच वाचला असता?"

"नसता वाचला," भाऊजी म्हणाले. "पण दोनशे सात झाले असते."

आणि त्यांनी पातेलं पाण्याने विसळून माझ्या हातात पुसायला दिलं.