वलीचा पट्ट्यांचा पायजमा

वली मुकादम रत्नागिरीकडचा शिंपी, मिशीतल्या मिशीत हसणारा. चौऱ्याण्णव साली बहारीनला, मीना सलमान बंदराजवळच्या एका कारखान्यात आम्ही एकत्र होतो. तो मशीनवर, मी पॅकिंगला. माल युरोपला जायचा, त्यामुळे प्रत्येक पायजम्याला पाच-सहा भाषांतली चिठ्ठी शिवावी लागे. ऑफिसातला इक्बाल ती वाचून दाखवी: फ्रेंच म्हणे पिझामा, इटलीवाले पिजामा, स्पेनवाले पिहामा. वली खूश!

"गुंडूभाऊ, आपला पायजमा नावासकट सगळा युरोप फिरला बघा. आपल्याला मात्र दोन वर्षांनी एकदा घर!"

तो कपडा तिकडे फक्त झोपताना घालतात, हे चिठ्ठीवर कुठे लिहिलं होतं? आमचे गुरुजी पट्ट्यांच्या पायजम्यातच शिकवायचे, त्यातच कचेरीत जायचे.

एका सकाळी तार आली. वलीच्या बायकोचं, हुस्नाचं, दुखणं विकोपाला गेलं होतं, ताबडतोब निघा. लीव्हच्या कागदावर नव्या इंग्रज साहेबाची सही हवी. वली तसाच धावला. अडवला मी. शहाणा ना मी!

"अरे, तेलकट शर्टात कुठे चाललास? आपलाच माल घाल, वर सदरा, खाली पायजमा, दोन्ही पट्ट्यांचे. त्यांच्या घरोघरी पोचलाय तो, साहेब खूश होईल."

इस्त्रीही मीच फिरवली, कडक घडी पाडून.

वलीला दारात बघून साहेब लालबुंद झाला. "बिछान्यातून उठून आलास? माझी थट्टा करतोस?"

इक्बाल मध्ये पडला, तार पुढे केली. साहेबानं ती बघितलीसुद्धा नाही. "आधी नीट कपडे घालून ये!"

वली धावत खोलीवर गेला, पँट चढवून धावत आला. तोवर साहेबाची गाडी विमानतळाकडे गेली होती. आठ दिवसांचा दौरा. वलीचा पासपोर्ट त्याच्याच कपाटात, आणि किल्ली त्याच्या खिशात.

नवव्या दिवशी सही झाली. हुस्नाला माती देऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

"निदान पोरीसाठी तरी जा," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ? सुमय्या विचारील, अब्बा, उशीर का केलात? काय सांगू तिला, गुंडूभाऊ?"

लीव्हचा कागद त्यानं इक्बालच्या टेबलावर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसला.  त्या दिवसापासून तो जेवायला माझ्या शेजारी कधी बसला नाही.