मासा फिरवणाऱ्या चित्रलेखाताई

टार्निट नावाच्या परदेशी उपनगरातल्या आमच्या वसाहतीत घरं अशी एकासारखी एक आहेत की नवा माणूस खुशाल दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावून बघतो. शाळेसमोरचा रस्ता मात्र कुणी चुकत नाही, कारण तिथे चित्रलेखाताई उभ्या असतात. अंगात पांढरा डगला, त्यावर केशरी जाकीट, डोक्याला मोठी टोपी आणि हातात दांड्याला लावलेली ‘थांबा’ची लाल गोल पाटी. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडे रोवायचे, पोरं जमली की पाटी घेऊन मधोमध जायचं, गाड्या थांबल्या की शिट्टी फुंकायची, मग पोरांनी पलीकडे जायचं. एवढं काम. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्याचा पगार देते.

ताई नाशिक रोडच्या. त्यांचे यजमान प्रल्हादराव कॉम्प्युटरमधले, त्यांच्या व्हिसावर दोघं इथे आली. मुलगा यतिन शिकायला ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटीत गेला, घर रिकामं झालं, तेव्हा ताईंनी ही नोकरी धरली. प्रल्हादरावांना ते पचलं नव्हतं. म्हणाले होते, “अगं, एम.ए. झालीस ती रस्त्यात उभं राहायला?”

ताई म्हणाल्या, “तुम्ही एम.टेक. झालात आणि दिवसभर बसून असता. मी निदान उभी तरी राहीन.”

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी हात वर केला तर पोरं गप्प व्हायची. ताईंनी हात वर केला तर मोठाल्या ट्रकचे ट्रक गप्प होतात. मी आमच्या रुचाला, म्हणजे नातीला, शाळेत सोडायला जातो तेव्हा हे रोज बघतो आणि रोज मला तितकीच मजा वाटते.

मग गेल्या हिवाळ्यात ताईंचा गुडघा बदलला. ऑपरेशन झकास झालं. त्यांच्या जागी ग्रेग नावाचा एक गृहस्थ आला, उंच, हसरा, पोरांच्या हातावर टाळी देणारा. कौन्सिलच्या बाईंनी ताईंना सांगितलं की शेवटच्या सत्राआधी आपण क्रॉसिंगवरच तुमचं चालणं बघू. काठीशिवाय, पाटी धरून, रस्ता बेताच्या वेळात ओलांडता आला तर जागा तुमची. नाही आला तर ग्रेगची.

फिजिओने सांगितलं, रोज बाहेर चाला. इथेच सगळं अडलं. ताई बाहेर पडेनात.

“अहो आप्पा,” मला म्हणाल्या, “ज्या बाईनं हात केला की गाड्या थांबतात, ती बाई वॉकर ढकलत निघालेली त्याच गाडीवाल्यांनी बघायची? मी नाही जायची. मागच्या अंगणात काय कमी जागा आहे?”

मागच्या अंगणात तुळशीची कुंडी होती. ताईंनी तिला प्रदक्षिणा सुरू केल्या. सकाळ-संध्याकाळ. फिजिओने विचारलं की चालता का, तर म्हणायच्या, हो तर. खोटं काहीच नव्हतं. पण कुंडीभोवती माणूस किती लांब पाऊल टाकणार? एका हाताने कुंपण, दुसऱ्या हाताने वॉकर, असं गोगलगायीसारखं चाललं होतं. गुडघा होता तिथेच.

अशात एकदा रुचाने ताईंच्या फोनवर एक खेळ घालून दिला. खेळाचं नाव बीस्टबॅग. या मालिकेचे आजवर बरेच भाग निघालेत, आणि आमच्या वसाहतीतली सगळी पोरं त्यात बुडालेली असतात. फोन घेऊन हिंडायचं, वाटेत चित्रविचित्र प्राणी दिसतात, ते पकडून पिशवीत घालायचे, वाढवायचे, एकमेकांशी झुंजवायचे. कुणाकडे आग ओकणारा बोकड, कुणाकडे विजेचं घुबड. रुचाने ताईंना काय दिलं? मासा. नाव स्लॉशी.

तो मासा मी चष्मा पुसून नीट बघितला आहे. रंग चिखलाचा. खालचा ओठ लोंबता. एक पर आखूड, त्यामुळे सरळ पोहायला जातो आणि तिरका पोचतो. झुंजीत उतरवला तर एक बुडबुडा सोडतो आणि आपणच त्याला घाबरून मागे सरतो. पोरं त्याला पकडतात आणि लगेच सोडून देतात.

“हाच बरा सापडला तुला माझ्यासाठी?” ताई म्हणाल्या.

रुचा म्हणाली, “ही इज स्लो, आजी. लाइक यू. ही नीड्स वॉकिंग.”

त्या माशाची गोम अशी, की तो जिंकून मोठा होत नाही, खाऊनही होत नाही. त्याला सोबत घेऊन मालकाने चालायचं. पुष्कळ चाललं की त्याचा मोठा मासा होतो, नाव स्लॉशारा. इतकी चिकाटी कोणत्या पोराकडे असणार? म्हणून मोठा मासा शाळेत कुणीच बघितलेला नव्हता.

ताई नको नको म्हणाल्या, पण फोन कमरेला खोचून प्रदक्षिणा घालू लागल्या. रोज संध्याकाळी चष्मा लावून बघायच्या. मासा तस्साच. ओठही तेवढाच लोंबता.

“हा काही अंग धरत नाही हो,” मला म्हणाल्या. जणू गोठ्यातलं वासरू.

प्रल्हादरावांनी फोन उघडून तपासला, बंद करून चालू केला, मग निर्णय दिला, “कंपनीच चोर आहे. यांना पैसे हवे असतात. सोडून दे.”

रुचाला बोलावलं. तिने विचारलं, आजी, तुम्ही चालता कुठे? ताईंनी अंगणात नेऊन प्रदक्षिणा घालून दाखवली. पोरगी गवतावर बसून हसायला लागली.

“यू आर गोइंग राउंड अँड राउंड! द फोन थिंक्स यू आर स्टँडिंग स्टिल!”

मग मला कळलं ते मी ताईंना समजावून सांगितलं. फोन पावलं मोजत नाही. तो वरून, आकाशातल्या उपग्रहाला विचारून, एवढंच बघतो की मघाशी बाई कुठे होती आणि आता कुठे आहे. कुंडीभोवती फिरलं तर बाई कुंडीपाशी होती आणि कुंडीपाशीच आहे. म्हणजे इतक्या दिवसांचं पुण्य सगळं जमा, आणि अंतर शून्य!

मला हसू आवरेना. ताई मात्र हसल्या नाहीत. कुंडीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे फिजिओलाही मी हेच सांगत होते.”

दुसऱ्या दिवशी त्या फाटकाबाहेर आल्या. शाळेच्या बाजूला नाही, उलट्या बाजूला, तळ्याकडे. वेळही अशी की शाळा आत, नोकरदार गाडीत, रस्त्यावर फक्त कचऱ्याचे डबे. मी सोबतीला गेलो. मला तरी दुसरं काय काम?

आमच्या गावात विश्राम वाजंत्र्याचा वरातीचा घोडा होता. त्याला वाजंत्रीची इतकी सवय, की पुढे सनई वाजल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. एकदा त्याचं पोट फुगलं, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचा होता, तर विश्रामने पुढे सनईवाला घातला. वाटेतली माणसं नवरदेव शोधत होती. डॉक्टरांनी विचारलं, लग्न कुणाचं? ताईंचं चालणं बघताना मला तो घोडा आठवायचा. त्याला सनई लागायची, यांना मासा लागला. घोडा बरा झाला, हे सांगायचं राहिलं.

तळ्याच्या वळणावर एक गाडी कचकन थांबली. काच खाली आली. शाळेतल्या विहानचे वडील, पंजाबी गृहस्थ. “मिस चित्रा! कहाँ हो आप? बच्चे रोज पूछते हैं!”

ताईंच्या एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात फोन. लपायला झाड नाही. इथली झाडं अजून मनगटाएवढी आहेत. क्षणभर मला वाटलं, ही बाई आता घरी जाणार आणि परत बाहेर येणार नाही. पण ताईंनी फोन उंच केला आणि म्हणाल्या, “मैं? मासा फिरवतेय. वॉकिंग माय फिश, मेट.”

गृहस्थ इतका हसला की मागच्या गाडीने भोंगा दिला.

बातमी संध्याकाळपर्यंत शाळेत पोचली. मग जो भेटेल तो विचारायचा, मासा कसा आहे? गुडघा कसा आहे हे कुणी विचारेना. ताईंना तेच हवं होतं. गुडघ्याबद्दल बोलायला त्यांना लाज वाटायची, माशाबद्दल वाटेल तितकं बोलायच्या. “आज नुसता आळसावलाय,” म्हणायच्या. गुडघा दुखत असला की मासा आळसावलेला असायचा, हे मला थोड्या दिवसांनी उमगलं. वॉकर गेला, काठी आली. तळ्याचा अर्धा फेरा, मग पूर्ण.

कौन्सिलच्या बाई यायच्या आदल्या आठवड्यात मासा मोठा झाला. तळ्याकाठच्या बाकावर फोन थरथरला, उजेड झाला, आणि चिखल्या माशाच्या जागी निळा, लांब शेपटीचा, पाण्यावर चालणारा रुबाबदार मासा उभा. रुचा आणि तिच्या मैत्रिणी किंचाळत नाचल्या. ताई फोनकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

“ह्याला पण चालवायचं का गं?”

“नो, आजी! ही इज फुल्ली ग्रोन. ही डझन्ट नीड यू.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेलो तर खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. प्रल्हादराव म्हणाले, “मासा पदवीधर झाला, बाई निवृत्त झाल्या.”

“तुम्ही गप्प बसा हो,” ताई म्हणाल्या. मग मला, “आप्पा, काठीशिवाय मला चार पावलांपलीकडे भरवसा वाटत नाही. त्यांच्यासमोर फजिती व्हायची त्यापेक्षा आधीच कळवून टाकते.”

मी विषय बदलून सकाळची गोष्ट सांगत बसलो. वारा भयंकर सुटला होता. क्रॉसिंगचा आमच्या बाजूचा झेंडा खोबणीतून निघून रस्त्यावर आडवा झाला, ग्रेग पलीकडे पोरांत अडकलेला. एक गाडी झेंड्यावरूनच गेली.

ताईंचा हात थांबला. “खोबणी सैल आहे ती. दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून पाचर मारावी लागते. मी रोज मारायची. त्याला कुणी सांगितलं नाही?”

“कोण सांगणार?” मी म्हटलं. “पाचर तुम्हालाच ठाऊक.”

वारा अजून पडला नव्हता. शाळा सुटायची वेळ होत आली होती. ताई उठल्या, कचऱ्यातून दुधाचं खोकं काढलं, कात्रीने कापलं, काठी घेतली आणि निघाल्या. फोन टेबलावरच राहिला. या खेपेला शाळेच्या बाजूला, भर गर्दीत, सगळ्या आया उभ्या असताना.

ग्रेग झेंडा एका हाताने धरून उभा होता. “चित्रा! थँक गॉड,” म्हणाला. ताईंना अजून वाकता येत नव्हतं. त्यांनी पुठ्ठा दुमडून त्याच्या हातात दिला आणि काठीच्या टोकाने दाखवत राहिल्या, इथे नाही, तिथे, आणखी आत, आता ठोक. झेंडा घट्ट बसला. तेवढ्यात पोरं सुटली आणि ताईंना वेढा पडला. वेद नावाच्या चिमुरड्याने काठी बघून विचारलं, “मिस चित्रा, व्हेअर इज द साइन?”

“उडून गेली वाऱ्यानं,” ताई म्हणाल्या. “दांडा तेवढा वाचलाय.”

त्या दिवसापासून त्या रोज शाळा सुटताना तिथे जायच्या. ग्रेग पाटी घेऊन मधे, ताई फुटपाथवर. काठी झाडाला टेकवून उभ्या राहायच्या, पोरांच्या चपला, बुटांच्या नाड्या, सगळ्यावर नजर. काठी घ्यायला विसरून दोनदा घरी आल्या. प्रल्हादराव जाऊन आणत.

कौन्सिलच्या बाई आल्या तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथवर होतो. ताईंनी पाटी घेतली, रस्त्यात उतरल्या, मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, परत आल्या. पाऊल किंचित उजवीकडे पडत होतं. बाईंनी पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. मग बराच वेळ दोघी बोलल्या. ताईंचे हात हलत होते, म्हणजे वाद चालला होता.

निकाल असा लागला: दुपार ताईंची, सकाळ वर्षअखेरपर्यंत ग्रेगची. सकाळी गाड्या जोरात असतात, तिथे पाऊल आणखी चपळ हवं. पुढचं पुढच्या वर्षी बघू.

“मी सांगितलं त्यांना,” ताई घरी येताना तणतणत होत्या, “सकाळीच पोरं जास्त पळतात. बाई ऐकतच नाही. नो वरीज, नो वरीज करत गाडीत बसली.”

दारात प्रल्हादराव उभे होते. त्या दिवशी ते ऑफिसला गेलेच नव्हते, म्हणाले ट्रेन रद्द झाली. “काय झालं गं?”

“अर्धी नोकरी मिळाली.”

“मग चहा अर्धा कप करू?”

“पूर्ण करा. आणि तो डगला कपाटातून काढा, इस्त्री करायचीय.”

प्रल्हादरावांनी डगला काढला आणि इस्त्रीही स्वतःच केली. एका बाहीवर दोन घड्या पडल्या. ताईंनी चहा पितापिता त्या बघितल्या, कप खाली ठेवला, डगला पुन्हा टेबलावर पसरला आणि पाणी शिंपडायला घेतलं.