राजव्वाच्या क्लेमचा समारंभ

"हॉल नको. साखर पेठेतच मांडव घालू. तबक चांदीचं आणा. बाईंना मधोमध बसवू," देवधर साहेब म्हणाले. ते आमच्या विमा कंपनीच्या सोलापूर ब्रँचचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्टर.

बाई म्हणजे राजव्वा. तिचा नवरा सायन्ना गिरणीत जॉबर होता, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्याला पॉलिसी मीच दिली होती. तो तापाने गेला. विमा उतरवलेला माणूस गेल्यावर कंपनी जी रक्कम देते तिला आमच्यात क्लेम म्हणतात. कंपनी हप्ते घेते आणि वेळ आली की हात वर करते, असे तेव्हा लोकांना वाटे. म्हणून क्लेम चारचौघांत द्यायचा, ही साहेबांची पद्धत.

नोकरी तशी बरी होती. पगार वेळेवर, वर सायकलचा भत्ता. पण सकाळची भवानी व्हायच्या आधी पेठेत कुठल्या दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती. मरणाची गोष्ट काढणारा माणूस अपशकुनी. एका सराफाने तर मी उठल्यावर जागेवर गोमूत्र शिंपडले. निदान मी रस्त्याला लागेपर्यंत तरी थांबायचे!

समारंभ ठरला आणि राजव्वाचा दीर मल्लय्या ऑफिसात आला.

"बाईमाणसाला कशाला मांडवात बसवता? घरचा कर्ता मी हाय. माज्याकडं द्या, मी देतो वैनीला."

बोलणे गोड होते. पण सायन्नाने हयातीतच पॉलिसी बायकोच्या नावे करून दिली होती. याला असाइनमेंट म्हणतात. कायद्याने पैसे फक्त तिचे. मल्लय्याच्या हाती दिले असते तर तिला ते दिसलेही नसते. मी त्याला वाटेला लावले.

समारंभही मला पटत नव्हता. दुखवट्यातली बाई लोकांसमोर मांडायची, म्हणजे लाजच. शिवाय पैशाचा गावभर बोभाटा होणार, आणि घरी गेल्यावर दीर ते काढून घेणार. साहेबांना तसे सांगितले.

"जोशी, जाहिरातीशिवाय धंदा होत नाही," ते म्हणाले.

मग मी परस्पर राजव्वाकडे गेलो. ती विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती, दोन लहान मुली शेजारी.

"बाई, तुम्ही समारंभाला नाही म्हणा. मी पैसे गुपचूप आणून देतो."

तिचा हात थांबला नाही. "नको अण्णा. गुपचूप आलेलं गुपचूपच जातंय की. मांडव घाला. आमच्या जातीचे पंच तेवढे पुढं बसवा."

तिच्या मनात काय आहे ते मला कळले नाही. पंचांना मात्र मी स्वतः जाऊन आमंत्रण दिले.

समारंभात साहेब कंपनीच्या थोरवीवर भरपूर बोलले. मग त्यांनी रुपयांचे तबक पुढे केले. राजव्वाने हात लावला नाही. ती पंचांकडे वळली. आधी त्यांच्या घरच्या तेलुगूत बोलली, मग आम्हाला कळावे म्हणून मराठीत.

"हे पैसे कुणाचे?"

"तुझेच की," थोरले पंच म्हणाले.

"तुमच्या न्हाय, मल्लय्याच्या तोंडानं ऐकायचंय."

सगळ्या माना मल्लय्याकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत राहिला.

"बोल की रं," थोरले पंच म्हणाले.

"वैनीचे."

"मोठ्यानं," राजव्वा म्हणाली.

"वैनीचे हायती!"

पंचांपुढे दिलेला शब्द फिरवला असता तर त्याच्या दारी कुणी पाणी प्यायला नसता. राजव्वाने तबक उचलले.

साहेब वाकून हळूच म्हणाले, "आता दोन शब्दांत कंपनीचे आभार माना."

"आभार कशाचे? हप्ते आमच्या ह्यांनी भरलेत की."

मला हसू आले, आणि डोळेही भरून आले.

त्या पैशातून तिने दारात स्वतःचा माग घातला. मल्लय्याने पैशाचे नाव पुन्हा काढले नाही. साहेबांनी वर्तमानपत्रात बातमी धाडली, "बाईंनी साश्रु नयनांनी कंपनीचे आभार मानले."

पुढे साखर पेठेत मला कुणी पायरीवरून परत धाडले नाही. नवरा फॉर्म भरायला बसला की आतून बायकोचा आवाज येई, "आदी इचारा, पैसे कुणाच्या हातात देनार?"

हा सगळा धंदा भाषणाने आणला, असे साहेब रिटायर होईपर्यंत सांगत. मी वाद घातला नाही. पुढच्या क्लेमांना कधी हार आणायचे राहिले असतील. पंचांना बोलवायचे मात्र कधी राहिले नाही.