हमालाची चाल

गावच्या नाट्यमंडळाचे कपडे शिवणाऱ्या सुनेला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. मंडळाच्या जुन्या ट्रंका उपसताना तिला काळे विणलेले हातमोजे आणि कुरळ्या लोकरीचा टोप सापडला. ती ते घेऊन थेट सासऱ्यांपुढे उभी राहिली.

सासरे ऐंशीला टेकलेले, पण टोप बघताच खुलले. तरुणपणी दर वर्षीच्या खेळात तोंडाला काजळी फासून ते ‘काळ्या’ व्हायचे, गोदीपलीकडच्या वस्तीतल्या काळ्या, कुरळ्या केसांच्या लोकांची नक्कल करायचे. प्रेक्षक हसून हसून लोळायचे म्हणे. त्यांनी उठून एक पाय ओढत, मान डोलवत चालूनही दाखवलं. सुनेलाही हसू फुटलं. मग तिने विचारलं, “बाबा, ही चाल सुचली कशी?”

“सुचली कसली? गोदीवर एक हमाल होता. महिनाभर मागे हिंडून उचलली.”

तो हमाल कोण, हे तिच्या डोक्यातून जाईना. वस्तीत विचारत विचारत तिने त्याची मुलगी शोधून काढली. निवृत्त नर्सबाई होत्या त्या. पेटी पडून वडिलांचा पाय अधू झाला होता, त्यांनी सांगितलं. त्या खेळानंतर गावातली पोरं वडिलांच्या मागून तशीच चालायची. शेवटी त्यांनी हमरस्ताच सोडला, लांबून वळसा घालून घरी यायचे. हे सगळं नर्सबाईंनी आईकडून ऐकलेलं.

सुनेने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासऱ्यांनी आधी उडवून लावलं. गंमत होती ती, मनात काही नव्हतं.  काही दिवसांनी एका सकाळी स्वतःच कपडे करून तयार झाले आणि म्हणाले, “मला त्यांच्याकडे घेऊन चल.”

नर्सबाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते चाचरत माफी मागू लागले तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं.

“माफीचं नंतर बघू. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. तुम्ही महिनाभर बघितलंत ना त्यांना? कसे होते?”

सासरे गडबडले. मग हळूहळू बोलू लागले. ओझं उचलताना शीळ घालायचे. डब्यातला घास गोदीवरच्या मांजरीला ठेवायचे. पुढचा दात पडलेला, म्हणून तोंडावर हात धरून हसायचे.

“हे खेळात का नाही घेतलंत?”

“घेतलं असतं तर लोक हसले नसते.”

 नर्सबाईंनी शीळ कुठल्या गाण्याची, म्हणून विचारलं. सासऱ्यांनी शीळ घालायला ओठांचा चंबू केला, नुसती हवा बाहेर आली.

“आठवून या,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी मी घरीच असते.”