आधीच लिहिलेलं एकमत

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. हजर: सरकारच्या कामगार खात्याकडून आमचे साहेब आणि मी, मालकांकडून कपडे कारखानदारांच्या संघटनेचे अण्णा, कामगारांकडून शिलाई कामगारांच्या युनियनच्या अक्का. साहेब सोडले तर आम्हा तिघांनाही मराठी येतं. अण्णा बेळगावकडचे, अक्का निपाणीच्या आणि माझं घर कित्येक पिढ्या इथंच, शहरातल्या मल्लेश्वरममध्ये.

विषय: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार. भारतानं तो मान्य करावा का, यावर दिल्लीनं राज्याचं मत मागवलं होतं. मत पाठवण्याआधी मालक आणि कामगार, दोघांनाही विचारायचं होतं.

बैठकीचं इतिवृत्त मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत असे. हजेरी, विषय, चर्चा आणि शेवटी ‘सर्वांचे एकमत झाले’. बैठक संपली की लगेच सह्या. नाहीतर एकेका सहीमागे आठवडे जातात. त्या दिवशी चहाबरोबरच कागद फिरवला. अण्णांनी न वाचता सही केली. अक्कांनी शेवटचं पान आधी वाचलं.

“मॅडम, मी अजून तोंड उघडलं नाही. एकमत कधी झालं?”

“पद्धत हाय वो ती, अक्का,” अण्णा म्हणाले. “सही करा, बिस्किटं घ्या.”

“बिस्किटं घेते. सही थांबू दे.”

मग त्यांनी मुद्दा मांडला. देवनहळ्ळीच्या बाजूच्या एका कारखान्यातल्या मुली अंधार पडल्यावर सुटतात. गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता प्लॉट पाडून अर्धवट सोडलेल्या लेआउटमधून जातो. दिवे नाहीत, आणि मोटरसायकलवाले वाट अडवून उभे असतात. एकीनं त्यापायी काम सोडलं, दुसरीला घरचे पाठवेनात. करारात कामावर जाण्यायेण्याचा प्रवासही धरलेला आहे. मग राज्याच्या मतात हा रस्ता आलाच पाहिजे, असं अक्कांचं म्हणणं.

“रस्ता सरकारचा,” अण्णा म्हणाले. “गेटबाहेरचं आम्ही कसं बघायचं?”

“सुटायची वेळ कोण ठरवतं?”

“म्हणजे उद्या शहरात मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर कुणी छेड काढली, तर तिथंही आम्हीच जाब द्यायचा?”

“मॅजेस्टिक राहू दे. बसस्टॉपपर्यंतचं बोला.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “दिवे लावायला सांगतो त्या कारखानेवाल्यांना. लिहू नका तेवढं.”

“गेल्या वर्षीही सांगणार होता.”

साहेबांना मी कन्नडमध्ये थोडक्यात सगळं सांगितलं. “सरी, ठीक आहे,” ते म्हणाले, “स्वल्प जुळवून घ्या, एका वाक्यात बसवा.” मी म्हटलं, एका वाक्यात बसणार नाही, दोन लागतील. शेवटची ओळ काढून टाकली आणि दोघांची मतं त्यांच्या त्यांच्या शब्दांत टाइप केली. या वेळी अण्णांनी पूर्ण वाचलं, एक शब्द बदलून घेतला, मग सही केली. त्यांच्या खाली अक्कांनी केली. आता इतिवृत्ताची शेवटची ओळ मी बैठकीनंतरच लिहिते. काम थोडं वाढलं आहे, पण सह्या अडत नाहीत.

साहेबांनी एक अट घातली: आपण सगळ्यांनी रस्ता प्रत्यक्ष पाहायचा आणि मग टिपण जोडायचं. अण्णांनी गाडी देऊ केली. अक्का म्हणाल्या, “गाडी गेटपर्यंतच. पुढं चालायचं, मुली सुटतात त्याच वेळी.” अण्णा तयार झाले.

ती पाहणी दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. कारखाना सुटतो तोवर आमचं ऑफिस बंद झालेलं असतं, आणि त्यानंतर साहेबांना बाहेर काढणं सोपं नाही. टिपण जोडल्याशिवाय मत दिल्लीला जाणार नाही, असं मी दोघांनाही सांगितलं आहे. फाइल माझ्या टेबलावर आहे. रस्ता पाहायचा राहिला आहे.